दर्याकाठच्या घराला ऊब देताना

मी मूळची देवबागची. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर आमचं घर. तिथे घर गरम कसं करायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथला प्रश्न गंजाचा. खिडकीचे गज, विहिरीवरची मोटर, सायकलची चेन, काही सुटत नाही. बाबा म्हणायचे, "खारो वारो लोखंडाक सोडूचो नाय." आयर्लंडमध्ये घर बांधताना हे वाक्य वेळेवर आठवलं असतं तर माझे दोनेक हजार युरो वाचले असते. ती कथा पुढे येईलच.

आमचं आताचं घर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत, मिलटाऊन मॅलबेजवळ आहे. जुना पडका बंगला पाडून 2022 साली त्याच जागी 160 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 1,720 चौरस फुटांचं घर उभं केलं. समोर एक शेत, शेतापलीकडे दगडी बांध आणि बांधापलीकडे अटलांटिक. तेव्हापासून किनाऱ्यालगत घर घेणाऱ्या ओळखीपाळखीच्या मराठी मंडळींचे फोन येत असतात: "ताई, कुठल्या कंपनीचा हीट पंप घेऊ?" (हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र; नीट समजावते पुढे.) प्रत्येकाला तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मात्र यात सापडणार नाही. तो प्रश्न अगदी शेवटचा.

आधी तिथली थंडी ओळखा

पुण्या-मुंबईचा माणूस आयर्लंड म्हटलं की बर्फ डोळ्यासमोर आणतो. पश्चिम किनाऱ्यावर बर्फ क्वचितच. जानेवारीतलं सरासरी तापमान सहा-सात अंश असतं, कारण समुद्र थंडीची धार बोथट करतो. छळतात ते वारा आणि ओल. नैऋत्येकडून येणारा वारा भिंतीच्या फटीफटीत शिरतो, पाऊस आडवा पडतो आणि हवा इतकी दमट की बाहेर वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी सकाळइतकाच ओला. तुमच्या घरात जे काही बसेल ते उणे वीस अंशांशी नव्हे, आठ महिने चालणाऱ्या या ओल्या गारठ्याशी झुंजणार आहे. उणे वीसमध्येही चालतं असं सांगून कुणी महागडं मॉडेल गळ्यात मारत असेल तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

मग घराची गळती मोजा

आम्हाला आलेल्या पहिल्या प्लंबरने नकाशाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "बारा किलोवॅटचा हीट पंप लागेल." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे अनुभवावरून. अनुभव खरा होता, पण जुन्या घरांचा. नव्या घरांना इथे इमारत नियमावलीचा 'भाग एल' लागू असतो. त्यात भिंतीचं यू-मूल्य 0.18 आणि उतरत्या छपराचं 0.16 यापेक्षा वाईट चालत नाही. यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते. आकडा जितका लहान तितकं बरं.

हिशोब सातवीच्या गणिताचा आहे. आमच्या घराची एकूण गळती, वायुवीजनातून जाणारी धरून, दर अंशाला दर चौरस मीटरमागे 1.3 वॅट निघाली. 160 ने गुणलं की 208. आत 20 अंश हवेत आणि बाहेर सगळ्यात वाईट रात्री उणे 3 धरले, म्हणजे फरक 23. 208 गुणिले 23, झाले 4,784 वॅट. पाच किलोवॅटसुद्धा नाहीत! बाराचा बसवला असता तर तो दर दहा मिनिटांनी चालू-बंद झाला असता, वीज जास्त खाल्ली असती आणि कॉम्प्रेसर लवकर म्हातारा झाला असता. आम्ही सहाचा घेतला. खोलीखोलीनुसार मांडलेला गळतीचा हिशोब कागदावर मिळाल्याशिवाय कोणाचंही कोटेशन वाचायला घेऊ नका.

किनाऱ्यावर या हिशोबात वाऱ्याचा वाटा मोठा असतो. म्हणून प्लास्टर व्हायच्या आधी हवाबंदपणाची चाचणी एकदा करून घ्या. दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब कमी करतात आणि फटी शोधतात. तेव्हा सापडलेली फट टेपने बुजते, नंतर सापडली तर भिंत फोडावी लागते. चाचणीच्या दाबाला घराच्या आवरणाच्या दर चौरस मीटरमागे तासाला किती घनमीटर हवा गळते, तो हा आकडा. नियमाची मर्यादा 5 आहे, आमचा आकडा 2.1 आला. पण 3 च्या खाली गेलात की खिडकीवरच्या झरोक्यांवर भागत नाही, यांत्रिक वायुवीजन लागतं. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र आम्ही घेतलं. त्याचा खरा फायदा मला कपड्यांत दिसला: घरात दोरीवर टाकलेले कपडे दुसऱ्या दिवशी कोरडे होतात आणि फोडणीचा वास पडद्यांत बसत नाही.

पर्याय कोणते

खेड्यात नळाचा गॅस येत नाही. जुन्या घरांत केरोसीनचा बॉयलर असतो, मागे तेलाची टाकी. किनाऱ्यावर लोखंडी टाकी गंजते आणि प्लास्टिकची रिकामी झाली की वादळात चालायला लागते. आमच्या शेजारच्यांची एकदा शेतात जाऊन पडली होती. शिवाय नव्या घराला ऊर्जेचा काही भाग अक्षय स्रोतांतून दाखवावाच लागतो. नुसत्या तेलावर ते जमत नाही, छतावर सौर पॅनल वगैरे जोड द्यावी लागते. एलपीजीचंही तेच.

हीट पंप म्हणजे काय हे मुंबईकराला समजावणं सोपं आहे. गॅलरीत एसीचं बाहेरचं युनिट गरम हवा ओकतं ना? तो एसी उलटा बसवलाय असं समजा: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत पाण्याला द्यायची. विजेचं एक युनिट खर्च केलं की उष्णतेची तीन ते चार मिळतात.

जमिनीतून उष्णता घेणाराही प्रकार आहे. समुद्राकाठी तो मला तत्त्वतः सगळ्यात पटतो, कारण बाहेर खाऱ्या वाऱ्यात काहीच उभं राहत नाही. पण त्याला एकतर मोठं शेत खणून नळ्या पुराव्या लागतात, नाहीतर खोल बोअर मारावी लागते. आमच्याकडे हातभर मातीखाली कातळ. बोअरचं कोटेशन हवेतल्या हीट पंपाच्या दुपटीवर गेलं, तिथे विषय संपला. तुमच्याकडे जमीन असेल आणि जेसीबी नाहीतरी येणारच असेल, तर मात्र विचारून पाहा.

घर फक्त सुट्टीपुरतं असेल तर यातलं काहीच घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून चाळीस दिवस राहायला गंजणारं यंत्र कशाला पोसायचं? भिंतीवरचे साधे विजेचे पॅनल हीटर, पाणी गोठू नये एवढ्यावर लावलेला थर्मोस्टॅट आणि ओल ओढणारं एक डीह्युमिडिफायर. बास.

आता पैसे. आमच्या पहिल्या पूर्ण वर्षात हीट पंपाने 2,900 युनिट वीज खाल्ली आणि घर व पाणी मिळून 10,400 युनिट उष्णता दिली. गुणोत्तर जवळपास 3.6. आमचा दर 35 सेंट, म्हणजे 1,015 युरो. एवढीच उष्णता केरोसीनने घेतली असती तर? लीटरमधून साधारण दहा युनिट निघतात, बॉयलर त्यातली नऊ देतो. 1,155 लीटर, आमच्याकडे तेव्हा लीटरला एक युरोच्या आसपास भाव. फरक वर्षाला 140 युरो. "बिल निम्मं होईल" हे ऐकून कुणी हीट पंप घेत असेल तर त्याने हे आकडे दोनदा वाचावेत. गुणोत्तर 3.15 च्या आसपास घसरलं की तेल आणि वीज बरोबरीत येतात. ते का घसरतं, यातच निवडीचं निम्मं शहाणपण आहे. आणि हो, हीट पंपाचं सरकारी अनुदान जुन्या घरांसाठी आहे. नव्या घरवाल्यांनी त्या आशेवर बजेट आखू नये.

खारा वारा

इथे माझी चूक सांगते. बसवणाऱ्याने हीट पंपाची बाहेरची पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावली, कारण सिलिंडरची, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीची, खोली त्या भिंतीमागे होती आणि पाइप कमी लागत होता. मी मान डोलावली. मी, देवबागची! पहिल्याच हिवाळ्यात झाकणाचे स्क्रू तांबूस झाले. मार्चपर्यंत अॅल्युमिनियमच्या पात्यांवर, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, पांढरी भुकटी धरली, लोणा लागलेल्या भिंतीसारखी. वादळात वारा समोरून इतका आदळायचा की पंखा उलटा फिरू पाहायचा आणि यंत्र एरर दाखवून बंद पडायचं. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की समुद्रापासूनचं अंतर वॉरंटीच्या अटीत बसत नाही. अट पुस्तिकेत होती, बसवणाऱ्याने वाचली नव्हती आणि मीही नाही. पेटी पूर्वेला हलवण्यात आणि पाइप वाढवण्यात 1,900 युरो गेले.

तेव्हा पेटी समुद्राच्या आणि नेहमीच्या वाऱ्याच्या आडोशाला हवी. आमच्याकडे वारा नैऋत्येचा, म्हणून घराची पूर्व किंवा ईशान्य बाजू. पण आडोसा म्हणजे कोंडवाडा नव्हे. तीन बाजूंनी भिंत घातली तर पेटी स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढते आणि गुणोत्तर कोसळतं. समोर मोकळं मैदान हवं आणि शेजाऱ्याची झोपायची खिडकी नको.

पात्यांना कोटिंग कोणतं, ते नावानिशी विचारा. निळसर पात्यांचा थर बऱ्याच यंत्रांना मुळातच असतो. तो पाणी निथळायला मदत करतो, पण अटलांटिकपुढे तेवढ्याने निभत नाही. तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमची पाती एकमेकांना चिकटलेली असतात, मधे खारट ओल आली की दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. म्हणून कारखान्यातच पूर्ण कॉइलवर चढवलेलं इपॉक्सीसारखं कोटिंग मागा. गंजाच्या वाढत्या धोक्याच्या श्रेणी सी-1 पासून असतात. खुल्या किनाऱ्याला सी-5 चं संरक्षण लागतं. स्टँड, बोल्ट आणि वॉशर 316 प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. 304 स्वयंपाकघरातल्या सिंकला ठीक, इथे त्यावर तांबडे डाग येतात. बोल्ट काँक्रीटमध्ये खोल हवेत, चार फरशांवर पेटी ठेवून चालणार नाही.

दमट हवेचा आणखी एक खोडसाळपणा आहे. बाहेर शून्य ते पाच अंश असताना कॉइलवर भराभर दंव धरतं आणि ते वितळवायला यंत्र अधूनमधून उलटं चालतं. पेटीतून वाफ निघताना पाहून माझ्या सासूबाई "अगं, पेट घेतलान!" म्हणत धावल्या होत्या. ते नॉर्मल आहे. मात्र वितळलेलं पाणी पायवाटेवर सांडून तिथे निसरडं होणार नाही अशी वाट त्याला काढून द्या.

बऱ्याच नव्या पेट्यांत प्रोपेन वायू असतो. वातावरणाला तो कमी घातक आणि पाणीही जास्त गरम करून देतो, म्हणून मला तो आवडतो. पण प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. त्यामुळे पेटीभोवती कंपनी आखून देते तेवढ्या टापूत दार, खिडकी किंवा गटाराचं तोंड नको. हे जागा ठरवतानाच पाहायचं.

वीज गेली तर

24 जानेवारी 2025 च्या पहाटे एओविन वादळ आलं. शेजारच्या गॉलवे काउंटीत मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी 180 किलोमीटरच्या वर गेला, देशातला विक्रम. साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमची पाच दिवसांनी आली, काहींची त्याहून कितीतरी उशिरा. हीट पंपाला वीज नाही म्हणजे घराला ऊब नाही. बॉयलरवाले हसत होते, पण त्यांच्याही बॉयलरचा पंप विजेवरच चालतो हे त्यांच्या तासाभरात लक्षात आलं.

आम्हाला तारलं बैठकीतल्या लहान लाकडाच्या स्टोव्हने. हवाबंद घरात स्टोव्ह घ्यायचा तर ज्वलनाची हवा थेट बाहेरून नळीने घेणारा, बंद काचेचाच हवा, नाहीतर धूर खोलीत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा समजा. पाणी तापवणारा स्टोव्ह टाळा, कारण वीज गेल्यावर पाणी फिरत नाही आणि तेच उकळायला लागतं. लाकूड सुकंच हवं. आमचं घर नीट बंदिस्त असल्यामुळे रात्रीत दोन-तीन अंशच उतरायचे, सकाळी दोन तास स्टोव्ह पेटवला की पुरे. भिंतीवर घातलेले पैसे त्या पाच दिवसांत वसूल झाले.

सगळं पाणी बाहेरच्याच पेटीत तापवणारा मोनोब्लॉक प्रकार घेतलात तर वीज नसताना ते पाणी गोठलं तर काय, ते विचारा. एकतर पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य), नाहीतर तीनेक अंशांवर आपोआप उघडून पाणी सोडून देणारे व्हॉल्व्ह. आमच्याकडे व्हॉल्व्ह आहेत. ग्लायकॉलने गुणोत्तर थोडं उतरतं.

फरशीखाली की भिंतीवर

पाणी जितकं कोमट ठेवून भागेल तितका हीट पंप स्वस्तात चालतो, सगळी गंमत इथे आहे. फरशीखालच्या नळ्यांना 35 अंश पुरतात. लहान रेडिएटरना 55 लागतात आणि मग ते 3.6 विसरा. आम्ही खाली सगळीकडे अंडरफ्लोअर घेतलं, वर झोपायच्या खोल्यांत रेडिएटर, पण मुद्दाम आडमाप मोठे, म्हणजे 40 अंशांवर भागतं. नळ्यांवर टाइल उत्तम. जाड गालिचा म्हणजे चुलीवर घोंगडी.

फरशी तापायला अर्धा दिवस घेते. "बाहेर जाताना बटण बंद करा" हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं आहे. माझे यजमान पहिला महिनाभर रोज ऑफिसला जाताना हीटिंग बंद करायचे, संध्याकाळी येऊन कुडकुडायचे आणि यंत्राला शिव्या घालायचे. ते चोवीस तास मंद चालू द्यायचं. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप बदलण्याची सोय असते, ती चालू आहे ना हे बघा. आमच्याकडे बाहेर 10 अंश असले की फरशीतलं पाणी 28 वर, उणे 3 झाले की 36 वर. बाहेरच्या आणि पाण्याच्या तापमानाच्या जोडीचा हा वक्र (कर्व्ह) यंत्र बसवणारा माणूस एकदा लावून जातो. पहिल्या हिवाळ्यात रोज एकेक अंश खाली उतरवत स्वतः बघायचा, घर गार वाटलं की एक पाऊल मागे.

आंघोळीचं पाणी

कॅटलॉगमध्ये चार माणसांच्या घराला 200 लीटरचा सिलिंडर दाखवतात. त्या चार माणसांकडे डिसेंबरात कुणी राहायला येत नसावं. पाणी 50 अंशांचं, त्यात 10 अंशांचं गार मिसळून 40 चं केलं की फार तर 267 लीटर होतं. दहा मिनिटांच्या शॉवरला 80 लीटर, म्हणजे तिघांत संपलं. बादलीने मात्र तेरा जणांच्या आंघोळी होतात! आई-बाबा आले की बादलीच लागते, तेव्हा आमचा प्रश्न सुटतो. पण तुमची मुलं शॉवरखाली गाणी म्हणणारी असतील तर 300 लीटरचा घ्या. न्हाणीघरात भिंतीलगत खालच्या बाजूला एक साधा नळही काढून ठेवा. इथला प्लंबर तो कशाला म्हणून विचारेल, सांगू नका. आठवड्यातून एकदा पाणी 60 अंशांवर नेणारं सेटिंग, लिजिओनेला हे पाण्यातले जंतू मारण्यासाठी, चालू ठेवा आणि त्याची वेळ रात्रीच्या स्वस्त विजेत टाका.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी

तीन कागद हातात घ्या: खोलीवार गळतीचा हिशोब, चालू करताना भरलेला सेटिंग्जचा तक्ता आणि वॉरंटीचं पत्र. पत्रात तुमच्या घराचं समुद्रापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहून घ्या, त्यावर कंपनीची सही हवी, बसवणाऱ्याची नको. यंत्र धुण्याबद्दल काय अट आहे तेही वाचा. आमच्या पत्रात वर्षातून चारदा गोड्या पाण्याने धुवावं असं आहे. मी दर वादळानंतर धुते. आधी वीज बंद करायची, मग बागेच्या साध्या पाइपने, वरून खाली. प्रेशर वॉशर लावू नका, पाती वाकतात. दहा मिनिटं लागतात. धुऊन झालं की हात चाटून बघा, किती मीठ होतं ते कळेल.